दहावीचं सर्टिफिकेट घ्या आणि उद्याच कोर्टात जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोडच्या बाजूला राहणारे एक मामा लिहितात: भाचा आयटीआयच्या पहिल्या वर्षाला आहे. बहीण घरी विड्या वळते, दाजी हयात नाहीत. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत रात्री चौघांनी मिळून एकाचा मोबाईल आणि खिशातले पैसे काढून घेतले. त्यातल्या एकाकडे कोयता होता. भाचा या चौघांत होता. पोलिसांनी आधार कार्ड बघून वय अठरा लिहिलं, कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिली, आणि पोरगा आज पाच दिवस जेलमध्ये आहे. आधारवर १ जानेवारी २००८, दहावीच्या सर्टिफिकेटवर १ जून २००९, महापालिकेच्या जन्मदाखल्यावर २२ फेब्रुवारी २०१०. गल्लीत सगळे म्हणतात, सोळा पूर्ण झाले की आता कायद्याने मोठाच धरतात. हे खरं का? आणि त्याची पोलीस भरती गेली का?

मामा, भरतीचं नंतर बोलू. पोरगा जेलमध्ये आहे, ते आधी.

मी सोलापुरात पंचवीसेक वर्षं फौजदारी वकिली करतोय. त्यातली बरीच वर्षं बाल न्याय मंडळासमोर गेली. लोक अजून त्याला ‘रिमांड होमचं कोर्ट’च म्हणतात. या कामात एक गोष्ट पक्की कळली: तिथे निकाल भाषणावर लागत नाही, दोन कागदांवर लागतो. एक वयाचा, दुसरा परिविक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसरने) घरी येऊन लिहिलेला. दुसऱ्याबद्दल शेवटी सांगतो.

पहिला कागद. तुमच्याकडे तीन तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेला पोरगा वेगळ्या दारातून आत जातो. आधारची तारीख धरली तर तो अठरा पूर्ण, म्हणजे सरळ मोठ्यांचं कोर्ट. दहावीची धरली तर घटनेच्या दिवशी सोळा वर्षं सात महिने. महापालिकेची धरली तर सोळाला महिनाभर कमी. वय मोजायचं ते गुन्ह्याच्या तारखेला, अटकेच्या किंवा निकालाच्या नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००५ सालीच हे स्पष्ट केलं आहे.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये वयाच्या पुराव्याचा क्रम ठरवून दिला आहे. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीच्या बोर्डाचं सर्टिफिकेट. ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेऊन हाडांची तपासणी. या यादीत आधार नाहीच. आधार काढताना कागद नसला की नुसतं साल विचारतात आणि तारीख १ जानेवारी पडते. तुमच्या बहिणीने साल अंदाजाने सांगितलं असणार. त्या अंदाजावर पोरगा आत आहे.

आणि ती १ जून? तिच्यामागचं कारण प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. पहिलीत घालायला वय बसत नव्हतं म्हणून गुरुजींनी बसवलं. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एकाच दिवशी येतो तो असा.

तर उद्या सकाळी वकिलामार्फत त्याच कोर्टात याच कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज द्या की आरोपी घटनेच्या दिवशी बालक होता. कोर्टाला चौकशी करावीच लागते, आणि तीही पुरावा घेऊन. आईचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असं कायद्यातच लिहिलंय. मूळ सर्टिफिकेट न्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना आत्ताच भेटून ठेवा, जनरल रजिस्टर घेऊन त्यांना साक्षीला यावं लागेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विसंबू नका. तो कलम ९४ मधलं प्रमाणपत्र नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात म्हटलंय. चौकशी चालू असतानाही पोराला जेलमध्ये ठेवता येत नाही, सुरक्षित ठिकाणी हलवावं लागतं. अर्जात हे वेगळं मागा. न मागितल्यामुळे आणखी आठ दिवस आत राहिलेली पोरं मी पाहिली आहेत.

महापालिकेची तारीख तुम्हाला जास्त सोयीची आहे हे मला दिसतंय. पण खरं सांगतो, दहावीचं सर्टिफिकेट असताना कायदा जन्मदाखल्यापर्यंत पोचतच नाही. दाखला जोडा, शाळेतली नोंद कोणत्याही कागदाच्या आधाराशिवाय झाली हे मांडा. वय काठावर असताना फार काथ्याकूट न करता कल मुलाकडे ठेवावा, असे निकाल आहेत. मांडून बघायला हरकत नाही. त्यावर घर बांधू नका. आणि गल्लीतलं कोणी ‘तारीख करून आणतो’ म्हणत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. एक गुन्हा निस्तरताना दुसरा अंगावर येईल, तोही तुमच्या नावावर.

तिन्ही कागदांवरचं नाव मात्र अक्षर अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे तेलुगू आडनावं तीन कचेऱ्यांत तीन तऱ्हेने लिहिलेली असतात. नाव वेगळं पडल्याने काय होतं त्याचं उदाहरण पुण्याचं आहे. १९९४ मध्ये एका घरातल्या सात जणांची हत्या झाली, त्यात फाशीची शिक्षा झालेल्या एकाला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सोडलं. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता हे शाळेच्या रजिस्टरवरून सिद्ध झालं, पण त्या रजिस्टरातलं नाव वेगळं होतं. तोवर तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ जेलमध्ये होता. वयाचा मुद्दा कधीही, अगदी अंतिम निकालानंतरही काढता येतो, म्हणून तो सुटला.

आता गल्लीतलं वाक्य. ‘सोळा झाले की मोठा.’ हे पूर्ण खोटं नाही, पूर्ण खरंही नाही. ते कुठून आलं हे सांगण्यासाठी तुमच्या भाच्यालाच मागच्या काळात नेऊन बघू.

इंग्रजांच्या काळात सुधारशाळांचा कायदा होता, १८७६ चा आणि मग १८९७ चा. पोराला जेलऐवजी सुधारशाळेत टाकायचं, सुतारकाम-विणकाम शिकवायचं. १९१९-२० च्या जेल समितीने मुलांसाठी वेगळी न्यायालयं हवीत असं सांगितलं आणि मुंबई प्रांताने १९२४ मध्ये स्वतःचा मुलांचा कायदा केला. मद्रास आणि बंगालनंतर आपला नंबर. पुढे १९४८ चा मुंबई मुलांचा कायदा आला आणि त्यात रेघ सोळाला ओढलेली होती. १९८६ मध्ये सबंध देशाला एकच बाल न्याय कायदा मिळाला. त्यातही मुलगी अठरापर्यंत बालक, मुलगा मात्र सोळापर्यंतच. म्हणजे तुमचा भाचा १९९० साली पकडला गेला असता तर दहावीचं सर्टिफिकेट दाखवून काही उपयोग झाला नसता. सोळा ओलांडलेला मुलगा थेट मोठ्यांत.

भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार मान्य केला. त्यात बालक म्हणजे अठराखालचा. त्याला धरून २००० चा कायदा आला, १ एप्रिल २००१ पासून लागू झाला, आणि मुलगे-मुली दोघेही अठरापर्यंत बालक ठरले. गुन्हा कितीही मोठा असो, जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. त्या काळात हा पोरगा बिनशर्त बालक असता.

मग डिसेंबर २०१२ ची दिल्ली. त्या सामूहिक बलात्कारातला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्याला तीन वर्षं झाली आणि देश पेटला. न्यायमूर्ती वर्मा समितीने वय खाली आणू नका असं सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये कायद्याला हात लावायला नकार दिला. पण डिसेंबर २०१५ मध्ये तो मुलगा सुटला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू आहे. त्याने रेघ अठरालाच ठेवली, पण सोळा ते अठराच्या मधे एक फट पाडली. अतिगंभीर गुन्हा असेल तर मंडळ ‘प्राथमिक मूल्यांकन’ करतं आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे, म्हणजे सत्र न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथेही न्यायाधीशांनी पुन्हा ठरवायचं असतं की खटला मोठ्यासारखा चालवायचा की नाही. चाललाच तरी फाशी नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप नाही, आणि एकवीस वर्षांपर्यंत मोठ्यांच्या जेलमध्ये नाही.

ही फट मला पटलेली नाही. गुन्हा करताना पोराच्या डोक्यात काय होतं, त्याला परिणाम कळत होता का, हे काही बैठकांत मोजायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये हे काम नाजूक आहे, मानसशास्त्रज्ञांची मदत घ्या, असं बजावलं. तरी दोन प्रकरणं अशी पाहिली की ती मंडळाकडेच राहायला हवी होती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. असो.

सोलापूरकरांनी हा इतिहास वाचताना एक पान आणखी जोडावं. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठेवायची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आपल्याच शहरात होती, आणि मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवायची सोय त्याच कायद्यात होती. कायदा देशभरातून १९५२ मध्ये गेला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव पत्त्यात राहिलं, आणि अटकेच्या कागदावर तो पत्ता दिसला की वाचणाऱ्याची भुवई अजून वर जाते. माझीही एकदा गेली होती.

तुमच्या प्रकरणाकडे परत येऊ. खरा प्रश्न सोळा पूर्ण झाले का हा नाहीच. गुन्हा ‘अतिगंभीर’ आहे का, हा आहे. अतिगंभीर म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा सांगितली आहे असा. जास्तीत जास्त किती हे बघायचं नाही. खुनाच्या प्रयत्नाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान मर्यादा नाही, म्हणून तो नुसता ‘गंभीर’. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ लावला आणि २०२१ च्या दुरुस्तीत तो कायद्यात आला.

पुण्याच्या कल्याणीनगरचा मे २०२४ चा पोर्शे अपघात आठवत असेल. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला तीनशे शब्दांचा निबंध! तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘आमच्या पोराला निबंध देतील का ओ?’ निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाच्या आदेशातली अट होती. तो आदेश टिकला नाही, पोराला निरीक्षणगृहात जावं लागलं, मग उच्च न्यायालयाने सोडलं. मोठ्यासारखा खटला चालवा हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. तिथे लावलेल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमाला किमान सात वर्षं शिक्षा नाही.

तुमच्याकडे चौघं होते, म्हणून दरोडा नाही, त्याला पाच लागतात. ही जबरी चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०९. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, रात्रीची हायवेवर असेल तर चौदा, पण किमान काही नाही. म्हणजे गंभीर. पण एफआयआरमध्ये कलम ३११ लावलंय का ते बघा. प्राणघातक हत्यार वापरून जबरी चोरी केली तर किमान सात वर्षं, आणि तिथे प्राथमिक मूल्यांकनाचं दार उघडतं. जुन्या भारतीय दंड विधानातलं ३९७ ते हेच. आता नीट ऐका: हे कलम ज्याने हत्यार वापरलं त्यालाच लागतं, बरोबर उभ्या असलेल्याला नाही. जुन्या ३९७ वर सर्वोच्च न्यायालयाचे तसे निकाल आहेत. म्हणून फिर्यादीचा जबाब शब्दन् शब्द वाचा. ‘त्यांच्यापैकी एकाने कोयता दाखवला’ असं आहे, की ‘त्यांनी कोयता दाखवला’? कोयता कोणाच्या ताब्यातून जप्त झाला, पंचनाम्यात कोणाचं नाव? एका शब्दावर पोरगा मंडळासमोर राहतो की सत्र न्यायालयात जातो, ते ठरू शकतं. आणि मूल्यांकन मोठ्यासारखा खटला चालवण्याच्या बाजूने गेलंच तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं.

बाकीच्या तिघांतले दोघं सज्ञान असतील तर त्यांचा खटला वेगळा चालेल, एकत्र चालवता येत नाही. आणखी एक. मोठ्यांनी पोराला गुन्ह्यात वापरून घेतलं असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली तो त्यांच्यावर वेगळा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. नशा पाजून नेलं असेल तर कलम ७७. हे मी कोर्टात अनेकदा मांडलं. पोलीस ते आपणहून लावताना फार क्वचित दिसतात.

प्रकरण मंडळाकडे आलं की जामिनाचं गणित उलटं होतं. मोठ्यांना जामीन का द्यावा हे पटवावं लागतं, इथे का देऊ नये हे मंडळाला लिहावं लागतं. नाकारायला तीनच कारणं: सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका आहे, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरेल. भांडण होतं ते पहिल्या कारणावर.

त्यावरून एक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पोराच्या जामिनाला विरोध करताना समोरून एक फोटो आला. चौकात लागलेलं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक. वर कुणा ‘दादां’चा गॉगल घातलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीस तोंडं, खालच्या ओळीत डावीकडून चौथा आमचा पोरगा. दादांवर सात-आठ गुन्हे. झाली की संगत सिद्ध! पोराने सांगितलं, दोनशे रुपये वर्गणी दिली की फोटो लागतो, दादांशी कधी बोललोही नाही. मी डिजिटल छापणाऱ्यालाच बोलावून आणला. त्याने मोबाईलमधून दाखवलं, फोटो त्याला ग्रुपवर आले होते आणि त्यातल्या तिघांना तर तो डिजिटल लागल्यावरच कळलं होतं. जामीन झाला. तुमच्या भाच्याचं इन्स्टा आज रात्रीच उघडून बघा. कोयत्याने केक कापतानाचं रील, भाईगिरीचं गाणं, काय काय आहे ते तुमच्या वकिलाला आधी कळू द्या. घाईने डिलीट करत बसू नका, तेही अंगाशी येतं.

आणि त्याचा फोटो, नाव, शाळा, गल्ली कुठल्याही बातमीत किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. कलम ७४ खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भरती. मंडळानेच प्रकरण निकाली काढलं तर कलम २४ सांगतं की त्या दोषामुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. बाल न्यायालयात मोठ्यासारखा खटला चालून दोषी ठरला तर हे संरक्षण जातं. कोयता कोणाच्या हातात होता याला मी एवढं का धरून बसलोय, ते आता लक्षात येईल. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराला याच तत्त्वावर नोकरी मिळवून दिली, अल्पवयातला गुन्हा त्याच्या आड येऊ दिला नाही. तरी चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्रास होतो. म्हणून निकालाची प्रमाणित प्रत जपा, रेकॉर्ड नष्ट करण्याचा अर्ज स्वतः द्या, आणि फॉर्ममधला गुन्ह्याचा रकाना वकिलाला दाखवून भरा. ग्राउंड सोडू नको म्हणावं त्याला.

राहिला दुसरा कागद, सामाजिक तपासणी अहवाल. परिविक्षा अधिकारी घरी येतात, शेजारी-शाळेत विचारतात, आणि पंधरा दिवसांत मंडळाला लिहून देतात: घर कसं, आई काय करते, शाळा का सुटली, पोरगा कोणाचं ऐकतो. मंडळावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य असतात, त्यातली एक तरी महिला. ते तिघेही आधी हाच कागद उघडतात. वकिलाचे मुद्दे नंतर.

असाच एक अहवाल मी वाचला होता. ‘आई बेफिकीर, प्रश्नांकडे लक्ष नाही, मुलाच्या संगतीबाबत उदासीन.’ वाचून मीही बाईंवर चिडलो. मग घरी गेलो. एका खोलीत मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं थांबत नव्हती. संध्याकाळच्या आत हजार भरायच्या होत्या. अधिकारी आले तेव्हाही अशाच वळत बसल्या होत्या, मान खाली. आणि त्यांना मराठी बाजारापुरतंच येत होतं. प्रश्न मराठीत, उत्तर तेलुगूत, मधे शेजारची सातवीतली पोरगी. मंडळासमोर मी आईला उभं केलं. महिला सदस्यांनी एकच विचारलं, त्या दिवशी साहेब आले तेव्हा किती झाल्या होत्या? ‘सातशे,’ बाई म्हणाल्या. सदस्यांनी दंडाधिकाऱ्यांकडे बघितलं. अहवाल पुन्हा करायला सांगितला गेला, या वेळी तेलुगू येणाऱ्या माणसाला सोबत घेऊन. दुसऱ्या अहवालात तेच घर, तीच बाई. फक्त ‘बेफिकीर’ हा शब्द नव्हता.

तेव्हा अधिकारी येतील त्या दिवशी कामाला सुट्टी टाकून तुम्ही बहिणीच्या घरी थांबा. आयटीआयची हजेरी आणि फीची पावती काढून ठेवा. पोरगा सुटल्यावर कोणाकडे राहील आणि सकाळी सहाला त्याला कोण उठवेल, हे ठरवून ठेवा, कारण ते विचारतात. आणि बहिणीला सांगा, तेवढा तासभर सूप बाजूला ठेव. तीनशे विड्या कमी झाल्या तर त्या दिवसाचे पैसे तुम्ही द्या.